ऊलाँग चहा पिताय? मग या चुका टाळा

कटिंगची सवय असलेल्या हाताला चहा म्हणजे उकळणंच. ऊलाँग तिथेच बिघडतो. हिरवा आणि काळा यांच्या मधला, अर्धवट ऑक्सिडेशन झालेला हा चहा. पातेल्यात खळाखळा उकळला की पानांतलं तुरट-कडू सगळं उतरतं, मग घोट घशाखाली जावा म्हणून दोन चमचे साखर पडते आणि फायद्याचं गणित संपतं.

200 मिली पाण्याला 2 ते 3 ग्रॅम पान पुरे. गोळीसारखं वळलेलं पान साधारण एक सपाट चमचा होतं. लांब पिळाचं हलकं असतं, त्याला दोन लागतात. पाणी उकळून गॅस बंद करा. हिरवट ऊलाँग असेल तर दोन मिनिटं थांबून ओता, भाजलेल्या गडद पानावर लगेच ओतलं तरी चालतं. झाकून तीन मिनिटं, आणि मग पूर्ण गाळून घ्या. पानं कपात राहिली तर शेवटचा घोट कडूच लागणार. तीच पानं आणखी दोनदा चालतात, दर वेळी मिनिटभर जास्त ठेवून. पण त्याच दिवशी. मुंबईच्या दमट हवेत ओली पानं रात्रभर ठेवू नयेत.

चव तरीही मळकट, वर पातळ तवंग? पाणी तपासा. उन्हाळ्यात सोसायटीत टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी आलं की हे हमखास होतं, कारण ते जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं. आरओ फिल्टरचं पाणी वापरा.

आता वजन. ऊलाँगमुळे शरीराचा ऊर्जाखर्च किंचित वाढतो, तोही बराचसा कॅफिनमुळे. पोट त्याने वितळत नाही. खरा फायदा साध्या हिशेबात आहे: दिवसाचे चार गोड चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे सुमारे 32 ग्रॅम साखर, जवळपास 130 कॅलरी. त्यांच्या जागी बिनसाखरेचा ऊलाँग आला तरच फरक पडेल. ‘स्लिमिंग टी’ म्हणून मिळणाऱ्या पाकिटांवरचे घटक मात्र वाचा. सोनामुखी दिसली तर ते रेचक आहे. काट्यावर कमी दिसतं ते पाणी, चरबी नव्हे.

जेवण झालं की लगेच कप, ही दुसरी मोठी चूक. चहातले पॉलिफेनॉल, म्हणजे तुरट घटक, पालेभाजी, डाळींतलं लोह पुरेसं शोषू देत नाहीत. हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर हवंच. लोहाची किंवा थायरॉइडची गोळी चहाबरोबर घेऊ नका, साध्या पाण्यानेच घ्या. सकाळची लोकल गाठायच्या घाईत रिकाम्या पोटी प्यायलात आणि जळजळलं, तर आधी दोन घास खा.

‘हर्बल’ समजून रात्री नऊला पिणारेही आहेत. हा हर्बल नाही, चहाच्याच झाडाचा आहे. एका कपात साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम कॅफिन असतं आणि पाच तासांनीही त्यातलं निम्मं अंगात उरतं. झोप लागत नसेल तर शेवटचा कप दुपारी चारच्या आत. गरोदरपणी चहा-कॉफी सगळं धरून दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या खाली राहा.

साठवण: जून ते सप्टेंबर पाकीट क्लिप लावून ठेवणं पुरत नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, मसाल्यांपासून आणि गॅसपासून लांब ठेवा, ओला चमचा आत नको. पान नुसतं मऊ पडलं असेल तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर मिनिटभर परतून सुधारतं. कुबट वास आला असेल तर सरळ फेकून द्या.