फ्यूजन प्रथिनांसाठी डीएनएचे प्रमाणित भाग: आधी सांधा ठरवा

दोन प्रथिनं एकाच साखळीत जोडायची तर जनुकांच्या आधी सांध्याचा विचार करावा. एमआयटीमधले संशोधक टॉम नाइट यांनी २००३ मध्ये मांडलेल्या बायोब्रिक पद्धतीत (आज तिला आरएफसी-१०, म्हणजे मानक क्रमांक १०, म्हणतात) एक्सबा-वन आणि स्पी-वन या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमांनी कापलेली टोकं जुळतात, पण मागे आठ बेसचा व्रण (सांध्यावरचा जादा क्रम) उरतो: टीएसी-टीएजी-एजी. आठला तीनने भाग जात नाही, म्हणून तीन-तीन बेसच्या कोडॉनची वाचनचौकट सरकते. शिवाय त्यातला टीएजी हा थांबा-कोडॉनच, प्रथिनाची बांधणी तिथेच थांबते. प्रमोटर (जनुक चालू करणारा क्रम) आणि आरबीएस (रायबोसोम बसण्याची जागा) जोडायला ही पद्धत उत्तम आहे, फ्यूजनला मात्र चालत नाही.

त्यासाठी जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या आयजेम (सिंथेटिक बायॉलॉजीची विद्यार्थी स्पर्धा) संघाची आरएफसी-२५ घ्या. तिच्यात भागाच्या सुरुवातीला एन्गो-एम-फोर (जीसीसी-जीजीसी) आणि शेवटी एज-वन (एसीसी-जीजीटी) या एन्झाइमची कापण्याची जागा असते. सांध्यावर एसीसी-जीजीसी, म्हणजे थ्रिओनिन-ग्लायसिन उरतं: सहा बेस, चौकट शाबूत, कुठलाही भार नाही. शिवाय ही जागा त्या दोन्ही एन्झाइमना पुन्हा कापता येत नाही, त्यामुळे पुढचा भाग निर्धास्त जोडता येतो. आरएफसी-२३ या दुसऱ्या मानकाचा व्रणही सहा बेसचाच, पण त्यात एजीए हा ई. कोलाय जिवाणूमधला दुर्मीळ कोडॉन येतो. भाग टीसीने सुरू झाला तर डॅम मेथिलेशनमुळे (जिवाणू जीएटीसी या क्रमावर लावतात ती रासायनिक खूण) एक्सबा-वन कापतही नाही.

भागाचा क्रम लिहिताना त्याचा स्वतःचा थांबा-कोडॉन काढा आणि लांबीला तीनने भाग जातो का ते पाहा. मग इको-आर-वन, नॉट-वन, एक्सबा-वन, स्पी-वन, पीएसटी-वन, एन्गो-एम-फोर आणि एज-वन यांच्या जागा आत शोधा. या सगळ्या पॅलिंड्रोम आहेत (दोन्ही धाग्यांवर सारख्याच वाचल्या जातात), म्हणून एकच धागा तपासला तरी पुरतं. सापडलेली जागा समानार्थी (तेच अमिनो आम्ल देणाऱ्या) कोडॉनने मोडा, पण ती चौकटीत कशी बसली आहे ते आधी बघा. जीएए-टीटीसी असेल तर टीटीसीचं टीटीटी करा. तीच जागा जी-एएटी-टीसी अशी विभागली असेल तर एएटीचं एएसी.

आरएफसी-२५ चा पूर्ण प्रीफिक्स (भागाच्या आधी लावायचा ठरलेला क्रम) प्रथिनापुढे मेथिओनिन-अलॅनिन-ग्लायसिन लावतो. सिग्नल पेप्टाइडला (प्रथिन कुठे जायचं ते सांगणाऱ्या सुरुवातीच्या तुकड्याला) ते बाधू शकतं, म्हणून असा भाग स्वतःच्या एटीजीसह (सुरुवातीच्या कोडॉनसह) आरएफसी-१० च्या प्रीफिक्सने सुरू करा. तो मग कायम पहिलाच राहतो.

लिंकर (दोन प्रथिनांमधला लवचीक दुवा) वेगळा भाग म्हणून बनवा. चार ग्लायसिन आणि एक सेरिन, हे तीनदा घेतलं तर ४५ बेस होतात. ग्लायसिनचे कोडॉन आलटूनपालटून वापरा, नाहीतर प्रायमर भलत्या जागी चिकटतो.

जोडताना आधीच्या भागाचं प्लास्मिड (जिवाणूत ठेवायचं डीएनएचं वर्तुळ) एज-वन आणि पीएसटी-वनने कापा. पुढचा भाग एन्गो-एम-फोर आणि पीएसटी-वनने कापून जेलमधून शुद्ध करा. एन्गो-एम-फोर एका वेळी दोन जागा धरून कापतं, म्हणून एकच जागा असलेल्या प्लास्मिडवर सावकाश चालतं. त्याला वेळ द्या. लायगेशनला (टोकं सांधण्याच्या पायरीला) ५० नॅनोग्रॅम व्हेक्टर (आधीच्या भागाचं कापलेलं प्लास्मिड) आणि रेणूंच्या हिशेबात तिप्पट इन्सर्ट (पुढचा भाग) घ्या: व्हेक्टर ३००० बेसचा आणि इन्सर्ट ७२० चा असेल तर ३६ नॅनोग्रॅम. दोन्ही प्लास्मिडांवर वेगवेगळ्या अँटिबायोटिकचा प्रतिरोध ठेवा, म्हणजे पुढच्या भागाच्या न कापलेल्या प्लास्मिडाच्या खोट्या वसाहती येत नाहीत.

वसाहतीच्या पीसीआरमध्ये पट्टी योग्य लांबीची दिसली म्हणून थांबू नका. एका बेसची चूक जेलवर दिसत नाही, म्हणून प्रत्येक सांधा सीक्वेन्स करा. शेवटी जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडलं असेल आणि वेस्टर्न ब्लॉटवर (प्रतिपिंडाने प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत) २७ किलोडाल्टनला सुटी पट्टी आली, तर प्रोटिएज (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) लिंकर तोडत असेल किंवा रायबोसोम जीएफपीच्या स्वतःच्या एटीजीपासून सुरुवात करत असेल. जीएफपीचा एटीजी काढून पुन्हा करून पाहा. पट्टी तरीही राहिली तर लिंकर बदला.