मातीच्या फळीवरचा गेरू बोटाला लागतो? माझा अनुभव

मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या प्राचीन गुहाचित्रांतला लाल रंग म्हणजे हेमॅटाइट हे लोखंडाचं खनिज, आणि गेरूही त्यामुळेच लाल. म्हणून ठाण्यातल्या घरी प्लायवर माती लिंपून गेरूने हरणं काढली. वाळल्यावर मातीला भेगा पडल्या आणि रंग बोटाला पावडरसारखा लागू लागला.

गेरूत पाणी कमी केलं, काही फरक नाही. पांढरा गोंद घातला तर चकाकी आली आणि पापुद्रे सुटले. तीन फळ्या वाया गेल्या, रडूच आलं.

जमलं ते असं. प्लायवर आधी गोणपाट चिकटवलं, म्हणजे मातीला पकड मिळते. मग 2 वाट्या चाळलेली माती, 1 वाटी बारीक रेती, मूठभर बारीक कापलेला पेंढा. रेती हवीच, कारण नुसती चिकणमाती वाळताना आकसते. थर 3-4 मिलिमीटरच दिला आणि फळी पंख्याखाली न ठेवता सावलीत 4 दिवस सुकवली.

बाभळीचा डिंक 1 चमचा, पाणी 3 चमचे, रात्रभर भिजवून मलमलीतून गाळला. गेरू खलून, वस्त्रगाळ करून त्यात दुधाच्या सायीइतका दाट कालवला. डिंक याहून वाढवू नका, रंग तडकतो. पावसाळ्यात उरलेल्या डिंकाच्या पाण्याला बुरशी धरते, तेव्हा लागेल तेवढंच भिजवा.

शेवटी ओल्या कुंचल्याने माती जेमतेम दमट केली आणि पातळ असे दोन हात दिले, मध्ये पूर्ण वाळवून. आता कोरडं बोट घासलं तरी स्वच्छ राहतं. पाणी मात्र लावू नका, डिंक विरघळतो.