तंबूचा दर: सगळं धरून सांगावा की वेगवेगळा?

ताडोब्याच्या मोहर्ली-कोलारा गेटाकडे, पेंचच्या सिल्लारीकडे किंवा वर चिखलदऱ्याला शेतात चार-सहा तंबू लावले की फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: "यात काय काय आलं?" याचं उत्तर एका दमात देता आलं पाहिजे. त्यासाठी आधी वही-पेन घ्या.

माणशी एका रात्रीचा खर्च मांडा. समजा चादर-टॉवेलची धुलाई ६०, पाणी आणि संडास-बाथरूमची सफाई ५०, वीज ४०, चहा-नाश्ता ९०. झाले २४०. आता स्वयंपाकीण, राखणदार, तंबूची डागडुजी मिळून महिन्याला ३६,००० जातात असं धरा. गफलत इथेच होते. ६ तंबू, १२ माणसं, ३० दिवस म्हणून ३६० ने भागलं की माणशी १०० च येतात आणि दर स्वस्त दिसतो. पण गर्दी शनिवार-रविवारची. मंगळवारी ताडोब्याचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, सफारीला बंद, त्यामुळे सोमवारची रात्रही रिकामी. महिन्यात प्रत्यक्ष १४० मुक्काम होत असतील तर भाग १४० नेच द्या: माणशी २५७. म्हणजे एक मुक्काम माणशी ४९७ ला पडला. नफा यावर चढवायचा.

मग प्रत्येक सोयीला एकच प्रश्न लावा: ही न घेता कोणी राहू शकतो का? नसेल, तर ती मूळ दरात.

मे महिन्यात ४५ अंशांत कूलरचे वेगळे २०० मागणं म्हणजे भांडणाला आवतण. २०० वॅटचा कूलर १० तासांत २ युनिट खातो; खरा खर्च पाण्याचा, कारण टाकी रात्रीतून पुन्हा भरावी लागते आणि बोअर आटली की टँकर येतो. म्हणून उन्हाळ्याचा दरच वेगळा काढा. हिवाळ्यातल्या गरम पाण्याचंही तसंच. १५ लिटरची बादली २० अंशांवरून ४५ पर्यंत तापवायला अर्धा युनिटही लागत नाही. तिचे २० रुपये लावलेत तर पाहुणा निमूट देईल, आणि घरी जाऊन रिव्ह्यूत नेमकं तेच लिहील. पार्किंग, चार्जिंग, पिण्याचं पाणीही मूळ दरातच.

वेगळं घ्यायचं ते निवडीचं. गावरान कोंबडीचा दर माणशी नको, अख्ख्या कोंबडीवर सांगा, आणि ऑर्डर दुपारी २ पर्यंतच घ्या. ती आणून, साफ करून, चुलीवर शिजवायला वेळ लागतो. शेकोटीही माणशी नको, पेटवण्यावर: तीन तासांना साधारण १५-२० किलो लाकूड धरा. लाकूड टालावरून विकत घ्या, जंगलातून आणू नका. पानगळ सुरू झाली की शेकोटी यादीतूनच काढा.

साधं जेवण (भरीत, पाटोडी, भाकरी, वरण-भात) पॅकेजात घेतलेलं बरं. गावात दुसरी खानावळ नसेल तर "जेवण ऐच्छिक" याला अर्थ नाही. शिवाय १२ ताटं आधी ठरली की भाजी वाया जात नाही. पाच वर्षांखालचं मूल फुकट. त्यावरच्याला ताट अर्धं, पण गादी वेगळी लागली तर मुक्काम पूर्ण.

सफारी मात्र पॅकेजात कधीच कोंबू नका. तिचं शुल्क वन विभागाचं, बुकिंग नावानिशी ओळखपत्रावर, आणि जिप्सीचं भाडं माणशी नसून गाडीवर. सहांचं पॅकेज विकलं आणि चारच आले, तर फरक तुमच्या खिशातून.

बिलात सेवा शुल्क आपोआप जोडू नका. २०२२ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेल-रेस्टॉरंटना ते तसं लावता येत नाही. जीएसटी भरत असाल तर कर धरूनच दर सांगा.

आगाऊ रक्कम घेण्याआधी व्हॉट्सॲपवर एवढं पाठवा: "माणशी १,१०० रुपये. तंबू, कूलर/गरम पाणी, दोन शाकाहारी जेवणं, चहा-नाश्ता धरून. कोंबडी, शेकोटी, सफारी वेगळी." पाहुण्याचा "ठीक आहे" आला की मगच क्यूआर कोड पाठवा.