व्हिक्टर बॉम्बरचं प्रवासी विमान: १/१४४ मध्ये, एअर इंडियाच्या रंगात

ब्रिटनच्या हँडली पेज कंपनीने आपल्या व्हिक्टर या जेट बॉम्बरवरून एचपी.९७ नावाचं प्रवासी विमान कागदावर आखलं होतं. ते कधीच बनलं नाही. म्हणजे ‘असं झालं असतं तर’ छापाच्या मॉडेलला आयता आधार आहे. त्यात व्हिक्टरच्या बी.२ या आवृत्तीची कॉनवे इंजिनं एअर इंडियाच्या १९६० सालच्या बोइंग ७०७-४२० वरही होती, तेव्हा हा रंग त्याच्यावर उपरा वाटत नाही.

खरा प्रश्न एकच: माणसं बसणार कुठे? व्हिक्टरचा पंख धडाच्या मध्यातून आरपार जातो. त्या धडावर नुसते खिडक्यांचे डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं) लावले, तर प्रवाशांच्या मांडीतून पंखाचा स्पार, म्हणजे आतला मुख्य दांडा, जाईल. म्हणून धड बदलायचं आणि पंख खाली उतरवायचा.

लागेल ते असं: १/१४४ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या १४४ पट लहान, व्हिक्टर बी.२ चं किट, त्याच स्केलचं ७०७ चं किट (जुनं, अर्धवट असलं तरी चालेल), १ मिमी प्लास्टिक शीट, ३ मिमी पितळी नळी, एम-सील, फेविक्विक, बारीक दातांची करवत, व्हर्नियर आणि २४० ते १००० नंबरचे पॉलिश पेपर. स्केल १/१४४ च ठेवा. खिडक्या-दारांचे तयार डिकल याच मापात सहज मिळतात.

कापण्याआधी व्हिक्टर टेपने जोडून टेबलावर उभा करा. पंखाचं टोक टेबलापासून किती उंच आहे ते लिहून ठेवा, नंतर पंखाचा कोन त्यावरूनच जुळवायचा आहे. मग धडाचे तीन तुकडे करा: इंजिनाच्या इनटेकच्या (हवा आत घेणाऱ्या तोंडाच्या) थोडं पुढे एक काप, शेपटीच्या उभ्या पंखाच्या मुळाआधी दुसरा. मधला तुकडा बाद. त्याच्या जागी ७०७ च्या धडाची साधारण १५० मिमीची नळी बसते. ७०७ चं नाक वापरायचा मोह होईल, कारण जोड सोपा जातो. पण मग ते पंख वाकलेलं ७०७ दिसतं. व्हिक्टरची ओळख त्या नाकातच आहे.

मूळ व्हिक्टर या मापात २४३ मिमी लांब आहे. नव्याची लांबी २७० च्या आसपास धरा, प्रत्यक्षात जवळपास ३९ मीटर. वाढवलेले २७ मिमी पंखाच्या पुढे १५ आणि मागे १२ असे वाटा. सगळी वाढ पुढे दिली की शेपूट आखूड दिसते आणि नजर तिथेच अडते.

७०७ ची नळी २६ मिमी रुंद आहे, व्हिक्टरचं नाक तिच्यापेक्षा बारीक. मधला उतार १ मिमी शीटच्या आडव्या चकत्या लावून आणि वर एम-सील भरून घडवा. इथे गाड्यांची एनसी पुट्टी जाड थरात वापरू नका, ती वाळताना आकसते आणि रंगानंतर महिनाभराने जोडावर खळगी उमटते. हनुवटीचा रडारचा फुगवटा घासून कमी करायचा असेल तर आधी आतून एम-सील भरा. एरवी कानस प्लास्टिक पार करून बाहेर येते.

आता पंख. ७०७ च्या धडावर बाजूला एक आडवी घडी दिसते, केबिनची जमीन त्याच पातळीला असते. पंखाचा वरचा पृष्ठभाग या घडीच्या खाली राहिला पाहिजे. मुळाशी पंख जाड पडला तर जादा जाडी पोटाखाली फुगवट्यात मुरवा, वर चढवू नका. दोन्ही बाजूंना भोकं पाडून पितळी नळी आरपार घाला, पंख तिच्यावर चढवा. धड रुंद झालंय म्हणून पंखाचं मूळ कापू नका, नाहीतर आतला इनटेक अर्धा जातो. पंखांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी काही मिमी वाढू द्या. एक्झॉस्टची तोंडं दोन-तीन अंश बाहेर वळवा. कॉमेट ४ वर तसंच होतं, गरम झोत धडापासून लांब जावा म्हणून.

मागची चाकं पंखातच मिटतात, त्यामुळे ती आपोआप जमतात. पुढचा पाय मात्र धड पंखाच्या तुलनेत जितकं वर गेलं तितकाच लांब करायचा. विसरलात तर विमान नाक खाली घालून उभं राहतं. उलट उंच टी-शेपटीमुळे ते मागेही कलंडतं. सगळं टेपने जोडा, मागच्या चाकांवर तोला, नाक खाली येईल इतकं शिसं आत घाला, वर आणखी ५ ग्रॅम. शिसं फेविकॉलने चिकटवू नका. काही वर्षांत शिशाची पांढरी भुकटी होऊन ते फुगतं आणि धड उसवतं. इपॉक्सी वापरा.

खिडक्यांचं अंतर ७०७ चंच, २० इंच, म्हणजे ३.५ मिमी. एका बाजूला ३५ खिडक्या बसतात. सीटची रांग दर ६ मिमीला धरली तर सहा-सहा सीटच्या २० रांगा, १२० प्रवासी. डाव्या बाजूला पुढे-मागे दोन दारं, ६ बाय १२.७ मिमी. उडता उडता इंधन घेण्याची बॉम्बरची नळी काढून टाका. पंखामागचे लांबट फुगवटे मात्र राहू द्या, तसे कॉनव्हेअर ९९० या प्रवासी विमानावरही होते.

रंग: आधी पांढरा, मग लाल पट्टा, पोट शेवटी धातूचं. धातूच्या रंगाखाली चकचकीत काळा लागतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लॅकर मारला की तो दुधाळ होतो, कोरड्या दिवसाची वाट बघा. खिडक्यांभोवतीचे लाल झरोके देऊ नका, ते ७४७ च्या काळातले.

७०७ विमानांना हिमालयातल्या शिखरांची नावं होती. व्हिक्टरला ‘कळसूबाई’ द्यायला हरकत नाही. नाव कॉकपिटखाली, अक्षरं १.५ मिमी उंच, लेझर प्रिंटरवर छापलेली. इंकजेटवर छापलंत तर डिकल पाण्यात टाकण्याआधी वार्निशचे दोन हात द्यावे लागतील, नाहीतर शिरोरेषा आधी विरघळते.