जहाजाचं मॉडेल करायचंय? मग आधी जाडीशी भांडायला शिका

सांगलीला समुद्र नाही हे आम्हाला माहितीये, प्रत्येक पाहुण्याने सांगायची गरज नाही. पावसाळ्यात कृष्णेत होड्यांच्या शर्यती लागतात तेवढंच आमचं नौदल. तरीपण दर रविवारी सकाळी विश्रामबागेत एका गॅरेजात आम्ही आठ-नऊ जण जमतो आणि हातभर लांबीची जहाजं बांधत बसतो. नवीन कोणी आलं की तेच तेच सांगून तोंड दुखतं म्हणून एकदाच लिहून काढतोय.

पहिलं म्हणजे जहाज कुठलं घ्यायचं. नव्या माणसाला टायटॅनिकच हवी असते, दहातल्या नऊ जणांना. घ्या की, पण हिशोब करून घ्या. खरी बोट २६९ मीटरची, म्हणजे १:७०० ला (खऱ्याच्या सातशेव्या भागाएवढं माप) साधारण ३८ सेंटीमीटर, आणि १:३५० ला ७७ सेंटीमीटर, जी शोकेसमध्ये मावत नाही आणि घरात मग टीव्ही सरकवायचा की बोट यावर भांडणं होतात. नवी विमानवाहू आयएनएस विक्रांत २६२ मीटर, म्हणजे तोच हिशोब, वर फ्लाइट डेक ६२ मीटर रुंद, त्यामुळे आडवी जागा पण खाते. पहिलं मॉडेल १:७०० मधलं लहान जहाज घ्या, डिस्ट्रॉयर (विनाशिका) वगैरे, पंधरा-सोळा सेंटीमीटरचं, कमी पार्टचं. ते बिघडणारच आहे. स्वस्तातलं बिघडलेलं बरं.

आता मुद्द्याचं. मॉडेल खोटं का दिसतं? रंग चुकला म्हणून नाही, एखादी तोफ राहिली म्हणून पण नाही. जाड दिसतं म्हणून खोटं दिसतं. १:७०० मध्ये माणूस मोहरीहून जरासा मोठा असतो, अडीच मिलिमीटर. १:३५० मध्ये इंद्रायणी तांदळाच्या दाण्याएवढा. आता डोक्यावरचा एक केस घ्या, ०.०७ मिमी धरा, त्याला ७०० ने गुणा, झाली ना पाच सेंटीमीटरची दोरी? म्हणजे तुम्ही शिवणाचा दोरा डोलकाठीला बांधलात की खऱ्या जहाजावर मनगटापेक्षा जाड दोरखंड टांगल्यासारखं होतं. रंगाचं पण तेच, ब्रशने दोन दाट हात मारले आणि थर ०.१ मिमीचा झाला तर तो खऱ्या जहाजावर सात सेंटीमीटरचा गिलावा झाला. दारं, खिडक्या, शिड्या सगळं त्याच्याखाली गेलं. आमच्यातले एसटीतून रिटायर झालेले काका म्हणतात की रंग मारला की नाही असा डाउट यायला पाहिजे, तेव्हा तो बरोबर बसला. तर हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा, बाकी सगळं त्यातूनच येतं.

प्लास्टिकचं किट उघडलं की आधी फ्रेमसकट सगळे पार्ट कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा, साच्यातून सुटायला लावलेलं तेल त्यावर असतं आणि त्यावर रंग धरत नाही. धुतल्यावर पण हात सांभाळा. आमच्याकडे मध्ये भडंगाची परात असते आणि तेलकट बोटांनी लोक हल, म्हणजे जहाजाचं खालचं धड, उचलतात, मग प्रायमर (रंगाआधीचा हात) मारल्यावर तिथे बोटाचा ठसा असा उमटतो की पोलिसांना पण चालेल. आता परात गॅरेजच्या बाहेर कट्ट्यावर ठेवतो.

पार्ट फ्रेमपासून मुरगळून तोडू नका, निपरने (छोटी कापायची पक्कड) थोडं लांबून कापा, मग ब्लेडने उरलेलं काढा. हलच्या दोन बाजू जोडल्या की मधल्या सांध्यात पुट्टी भरून ४००, मग ६००, मग १००० चा पाणपेपर ओला करून फिरवा. घाई नको. एक गोष्ट मात्र सगळे विसरतात, मी पण दोनदा विसरलोय: हल बंद करायच्या आधी खाली स्टँडच्या स्क्रूसाठी दोन भोकं पाडून आतून नट चिकटवून घ्या. डेक बसला, रेलिंग लागलं, दोऱ्या झाल्या आणि मग उलटं करून ड्रिल मारायला गेलात तर काय होतं ते मी सांगत नाही.

मग वॉटरलाइन. जहाजाचा खालचा लाल भाग आणि वरचा राखाडी भाग जिथे भेटतो ती रेघ. नवीन पोरं ती अंदाजाने टेप लावून काढतात आणि पुढच्या टोकाला वर पळते. सांगलीकराला खरं तर हे शिकवायला नको. २०१९ चा पूर ओसरल्यावर घराघरात भिंतीवर चिखलाची रेघ राहिली होती, आठवते? खोली वाकडी, फरशीला उतार, कपाट तिरकं, पण रेघ चारी भिंतींवर एका लेव्हलला. वॉटरलाइन म्हणजे तीच. ती हलवर हलच्या आकाराप्रमाणे काढायची नसते, पाण्याप्रमाणे काढायची असते. काचेच्या तुकड्यावर हल पक्का आणि लेव्हलला बसवा, पेन्सिल एका लाकडी ठोकळ्यावर पाहिजे त्या उंचीला आडवी बांधा, आणि ठोकळा काचेवरून सरकवत हलभोवती एक चक्कर मारा. हल जिथे आत वळतो तिथे रेघ आपोआप वाकते आणि लांबून बघितलं की सरळच दिसते.

टेप लावल्यावर लगेच वरचा रंग मारू नका. आधी टेपच्या कडेवर टेपखाली आहे तोच रंग हलका मारा, जो काही झिरपायचा तो त्याच रंगाचा झिरपेल आणि फट बंद होईल, मग वरचा मारा. बऱ्याच जहाजांना लाल आणि राखाडीच्या मध्ये काळा पट्टा असतो, तो बारीक ठेवा. पुढे आणि मागे बाजूवर आकडे लिहिलेले असतात, जहाज किती खोल बुडालंय ते सांगणारे. आयर्विन पुलावर पाण्याची पातळी बघतो ना आपण, ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका, तशीच ही जहाजाची पट्टी. मीटरच्या पद्धतीत एकेक आकडा १० सेंटीमीटर उंच असतो, १:१०० ला एक मिलिमीटर. १:७०० ला हाताने लिहायच्या नादाला लागू नका, डेकल (पाण्याने चिकटवायचं छापील चित्र) असेल तर लावा नाहीतर सोडून द्या.

रंगात अजून एक. छोट्या मॉडेलवर खऱ्या जहाजाचा शेड जसाच्या तसा मारला तर तो काळपट दिसतो, लांबून बघताना मधली हवा रंग फिका करते ती इथे नसते. म्हणून थोडा पांढरा मिसळायचा, १:७०० ला जरा जास्त. किती ते डोळ्याने ठरवा, फॉर्म्युला विचारू नका. आणि सांगलीच्या जुलै-ऑगस्टमध्ये लॅकर स्प्रे करू नका, हवेतला ओलावा बसून वर पांढुरकी साय धरते.

गंज काढायची लोकांना भारी हौस. युट्युब बघून सगळं जहाज गंजवून टाकतात. टायटॅनिक १० एप्रिल १९१२ ला साउदम्प्टनहून निघाली आणि १५ तारखेच्या पहाटे बुडाली, चार-पाच दिवसांची नवी कोरी बोट, तिला गंज कुठून येणार? आणि तिच्या चार धुराड्यांपैकी शेवटचं मुख्यतः हवा खेळायला होतं, बॉयलरचा धूर त्यातून जात नव्हता. तरी लोक चारीला सारखी काजळी फासतात. एवढं बघितलं की कोण वाचून बांधतं आणि कोण बॉक्सवरचं चित्र बघून बांधतं ते कळतं.

आता बारीक काम, ज्यासाठी हा छंद करायचा. रेलिंग वगैरे पितळेच्या पातळ पत्र्यात कोरलेलं येतं, त्याला फोटोएच म्हणतात. ते निपरने कापू नका, वाकतं. सिरॅमिक टाइलच्या तुकड्यावर ठेवून नव्या ब्लेडने दाबून कापा. फेव्हिक्विक ट्यूबमधून थेट कधीच नाही. शिवणाच्या सुईचं नेढं वरून कापून टाका, दोन शिंगांचा चिमुकला काटा तयार होतो, त्यात थेंबाचा शंभरावा भाग अडकतो आणि जिथे टेकवाल तिथेच उतरतो. आमचे दाताचे डॉक्टर जुने प्रोब (दात तपासायच्या टोकदार सळया) आणि झिजलेले बर (ड्रिलची टोकं) आणून देतात, कोपऱ्यातली पुट्टी खरवडायला त्याच्यासारखं हत्यार नाही. सराफाकडे काम करणारे एक जण आहेत, ते तार बारीक करायची भोकाभोकांची पोलादी पट्टी घेऊन येतात. क्लबचा फायदा तो हाच. एकट्याने एवढी हत्यारं जमवायची म्हणजे बायकोसमोर हिशोब द्यावा लागतो, इथे एअरब्रशचा (हवेने रंग फवारायचं पेन) एकच कॉम्प्रेसर आठ जणांत आणि त्याच्यावरून भांडणं पण आठ जणांत.

दोऱ्यांसाठी १:७०० ला कुठलाच बाजारातला दोरा चालत नाही असं समजा. किटची रिकामी प्लास्टिक फ्रेम टाकून देता ना, तीच ठेवा. तिची बोटभर कांडी मेणबत्तीच्या ज्योतीच्या तीन-चार सेंटीमीटर वर धरा, गोल फिरवत राहा, पेटवायची नाही. मधला भाग चकाकायला लागला आणि लोंबायला लागला की ज्योतीवरून बाजूला घ्या, मनात एक म्हणा, आणि दोन्ही हात लांब ओढा. हळू ओढलंत तर जाड, झटक्यात ओढलंत तर केसापेक्षा बारीक तार निघते. पहिल्या वीस तुटतील. त्यातला सरळ तुकडा पाहिजे त्या लांबीचा कापा, दोन्ही टोकांना पांढऱ्या गोंदाचा सुईच्या टोकाएवढा थेंब, बस. वाळल्यावर तार सैल वाटली तर उदबत्ती पेटवून फुंकर मारून निखारा ठेवा आणि तारेच्या जवळ न्या, टेकवायची नाही, बोटभर लांबूनच. तार डोळ्यादेखत ताठ होते. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी दोन उदबत्त्या नुसत्या गंमत म्हणून संपवल्या आणि तिसऱ्या दिवशी आईने देव्हाऱ्यातला पुडा लपवून ठेवला.

लाकडाचं शिडाचं जहाज हा वेगळाच प्रकार. मराठ्यांच्या आरमारातलं गलबत किंवा गुराब करायचं असेल तर किट शोधत बसू नका, प्लॅनवरून स्वतःच बांधा. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पुढची नाळ, म्हणजे नाकासारखं टोक, लांब, खाली झुकलेली, आणि पुढच्या तोफा नाळेवरून सरळ समोर मारणाऱ्या. गलबत तिच्याहून लहान, शीड असूनही चाळीस-पन्नास वल्ह्यांवर पळणारं. ती सगळी वल्ही एका मापाची करायला एक अख्खा पावसाळा जातो. प्लॅनची झेरॉक्स काढताना प्रिंटरमध्ये ‘फिट टू पेज’ बंद आहे ना ते बघा. माझं राहिलं होतं, फासळ्यांचं पान चार टक्क्यांनी लहान आलं आणि कण्याचं बरोबर आलं, एकही फासळी खाचेत बसेना, मी दोन रविवार कानस घासत प्लायवूडला शिव्या देत होतो. आता प्रत्येक पानावर दहा सेंटीमीटरची रेघ काढून ठेवतो आणि प्रिंट आली की पट्टीने मोजतो.

फळ्यांसाठी मिरजेचे सतारमेकर तुणाच्या लाकडाच्या पातळ कपच्या देतात, सतारीला वापरतात तेच, रेषा बारीक असल्यामुळे स्केलमध्ये शोभतं. सागाची रेषा मोठी, १:१०० ला ती फळीवर नांगरटीसारखी दिसते. फळी पाण्यात भिजवून गरम इस्त्रीच्या टोकावर हळूहळू वाकवा. दोऱ्याला मधमाशीच्या मेणातून एकदा ओढून घ्या, कुसं बसतात. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या दोऱ्या डांबर लावलेल्या, म्हणून काळपट, आणि शिडं ओढायच्या दोऱ्या फिक्या, हा फरक तेवढा पाळा.

गोंद पाण्यात टिकणारा घ्या. माझं पहिलं गलबत साध्या पांढऱ्या गोंदाचं होतं आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात होतं. २०१९ ला परत आलो तेव्हा त्याच्या फळ्या केळीच्या सालीसारख्या सुटून चिखलात पसरलेल्या, कणा तेवढा जागेवर. नदीकाठच्या माणसाचं गलबत कपाटात बुडालं, आणि ग्रुपमध्ये ते अजून ऐकवतात.

तर आता सगळी मॉडेल्स वरच्या कप्प्यात, वर ॲक्रिलिकचा डबा, कारण दोऱ्यांवर बसलेली धूळ निघत नाही. मिरजेला कोणाकडे न्यायचं असेल तर डब्याच्या तळाला स्टँड स्क्रूने आवळा, बोट मागे बसणाऱ्याच्या मांडीवर, पुढच्या डिकीत नाही, आणि गाडी चालवणाऱ्याला प्रत्येक स्पीडब्रेकर आधी ओरडून सांगा.