एनएफएल टीमचा ड्राफ्ट चांगला झाला का, हे कसं बघायचं

ड्राफ्ट म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या टीम आळीपाळीने, राउंड राउंडने नवे खेळाडू निवडतात ते. तो संपल्या संपल्या टीमना जे ए, बी ग्रेड देतात ना त्यावर जाऊ नका, निदान तीन सीझन थांबा. २०१७ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्स टीमने निवडीच्या क्रमात २७ वरून १० वर उडी मारून महोम्सला (पुढे मोठा स्टार झालेला क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू) घेतलं आणि पहिल्या वर्षी तो जवळपास बेंचवरच होता, तेव्हाच निकाल लावला असता तर? किंमत पण बघा, म्हणजे वर चढायला पुढच्या वर्षीचा पहिल्या राउंडचा पिक (खेळाडू निवडायची संधी) दिला का. मग निवडलेला खेळाडू स्नॅप (मैदानावरचे डाव) किती खेळला, चार वर्षांचं रूकी (नव्या खेळाडूचं पहिलं) कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर टीमने ठेवला का. आणि शेवटचे राउंड सोडू नका बरं, पुढे फोर्टी नाइनर्स टीमचा मुख्य क्वार्टरबॅक झालेला ब्रॉक पर्डी २०२२ चा अगदी शेवटचा, २६२ वा पिक होता!