लाल झाकणाखालचे बटण : छोट्या नौकेवरच्या वायरलेसची तयारी

हौशी नौकानयनासाठी वायरलेस चालवण्याची परीक्षा मी दिली, तेव्हा वाहिन्यांचे आकडे आणि नियम मला तोंडपाठ होते. सरावाच्या संचावर मी संकटाचा संदेश एकही शब्द न चुकता म्हटला आणि उत्तराची वाट पाहू लागलो. उत्तर येईना, कारण माझा अंगठा मायक्रोफोनच्या बटणावर तसाच दाबलेला होता. ते बटण दाबलेले असेपर्यंत व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारितेचा) संच फक्त बोलतो, ऐकत नाही, आणि तेवढा वेळ आसपासच्या इतरांचीही वाहिनी अडून राहते. म्हणून नव्याने शिकणाऱ्यांनी आकड्यांइतकाच हाताचाही सराव करावा, असे मी आग्रहाने सांगतो.

आवाजाने हाक देण्याची वाहिनी १६ असते, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. वाहिनी ७० केवळ डीएससीच्या, म्हणजे न बोलता संचाकडून हाक पाठवण्याच्या पद्धतीच्या, अंकीय संकेतांसाठी राखीव असल्याने तिच्यावर कधीही बोलायचे नसते. जीव किंवा नौका गंभीर आणि तातडीच्या धोक्यात असेल तरच ‘मेडे’ तीन वेळा म्हणावे. इंजिन बंद पडले, पण तूर्त जिवाला धोका नाही, अशा वेळी ‘पॅन-पॅन’ पुरते. त्यानंतर नौकेचे नाव, ठिकाण, काय घडले, कोणती मदत हवी आणि नौकेवर माणसे किती, हा क्रम ठेवावा. घाबरलेला माणूस काय घडले हेच आधी सांगत सुटतो. परंतु मध्येच बॅटरी पाण्यात गेली, तर शोधणाऱ्यांच्या हाती निदान ठिकाण तरी राहिले पाहिजे.

डीएससी असलेल्या संचावर लाल झाकणाखाली एक बटण असते. झाकण उचलून ते काही सेकंद दाबून धरले, की नौकेची ओळख सांगणारा नऊ अंकी एमएमएसआय क्रमांक आणि तिचे ठिकाण आपोआप प्रसारित होते. मात्र ठिकाण जाण्यासाठी संचाला जीपीएसची माहिती मिळावी लागते. मी ज्या नौकेवर सहकारी म्हणून जात असे, तिच्या संचाच्या पडद्यावर अक्षांश-रेखांशाच्या जागी नुसत्या रेघा दिसत. फळी काढून पाहिले, तर जीपीएसकडून आलेल्या दोन तारा टेपात गुंडाळून तशाच लोंबत होत्या. बटण दाबले असते तर हाक गेली असती, पण कुठून, ते कोणालाच कळले नसते.

व्हीएचएफच्या लहरी साधारणपणे नजरेच्या रेषेत जातात, त्यामुळे पल्ला शक्तीपेक्षा अँटेनाच्या उंचीवर अधिक ठरतो. उंची चौपट केली, तर क्षितिजापर्यंतचे अंतर दुप्पट होते. डोलकाठीच्या टोकावरच्या अँटेनाला जोडलेला २५ वॅटचा पक्का संच आणि लाटांमध्ये तरंगणाऱ्या माणसाच्या हातातला ५-६ वॅटचा संच यांची म्हणूनच बरोबरी होत नाही. तरीही डोलकाठी मोडली, तर हातातलाच उपयोगी पडतो. तो पाण्यात टिकणारा असावा, पूर्ण चार्ज केलेला असावा आणि कप्प्यात नव्हे, अंगावर असावा. लाईफ जॅकेटलाही हेच लागू आहे.

किनाऱ्यापासून दूर जाणाऱ्यांनी ईपीआयआरबी (संकटाचा संकेत उपग्रहाकडे पाठवणारे यंत्र) बाळगावा. तो ४०६ मेगाहर्ट्झवर कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव यंत्रणेच्या उपग्रहांना संकेत देतो. पूर्वी हे उपग्रह १२१.५ मेगाहर्ट्झही ऐकत, पण ते ऐकणे १ फेब्रुवारी २००९ पासून बंद झाले, त्यामुळे केवळ त्या वारंवारितेचे जुने यंत्र स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. यंत्राची नोंदणी नव्या मालकाच्या नावे करून घेणे अनेकांना कागदी कटकट वाटते. परंतु संकेत आल्यावर बचाव केंद्र नोंदीतल्या क्रमांकावरच फोन करते, आणि तिथे जुना मालक घरी निवांत बसलेला असू शकतो. चुकून यंत्र सुरू झाले, तर गुपचूप बंद करून गप्प बसू नये, केंद्राला लगेच कळवावे.

आता मी संचाशेजारी एक कार्ड चिकटवतो. त्यावर संदेशाचा क्रम, नौकेचे नाव आणि एमएमएसआय शाईने लिहिलेले असतात, तर माणसांची संख्या प्रत्येक फेरीपूर्वी पेन्सिलीने लिहितो. त्याखाली मोठ्या अक्षरांत एवढेच आहे : बटण सोडा, ऐका.